बंदूक न धरणारा गडी



मोबाईलवरच्या खेळांविषयी आपल्याकडे दोनच तऱ्हेने बोलले जाते. पालक म्हणतात, पोरे वाया गेली. पोरे म्हणतात, सगळेच खेळतात, आम्ही खेळलो तर काय बिघडले? या दोघांचा वाद घरोघरी चालू आहे आणि तो एका लेखाने मिटणारा नाही. मला मात्र या खेळांबद्दल एक तिसराच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. चार मुले संघ करून लढाईचा खेळ खेळतात, तेव्हा लढण्याखेरीज दुसरे काम त्या संघात कोण करते? ते काम कोणाच्या वाट्याला येते? आणि त्या कामाचा मान किती राखला जातो?

प्रश्न पोरकट वाटेल. पण जरा खोलात गेले की तो आपल्या ओळखीचा वाटू लागतो.

मी राहतो चेण्याला. घोडबंदर रस्त्यावरचे हे गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडते. पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि पुढ्यात रात्रंदिवस कंटेनरची रांग, अशी आमची वस्ती. मी नोकरीने कारकून, शिक्षणाने बी.कॉम. कार्यालय सुटल्यावर रस्त्याच्या कोंडीतून घरी पोचलो की समाजमंदिरात मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायचा, हा माझा व माझ्या दोन सहकाऱ्यांचा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता आहे. सात ते नऊ अभ्यास. नऊ वाजले की पाटी-पुस्तक मिटते आणि मोबाईल उघडतात. त्या अर्ध्या तासात मुलांना हाकलून द्यावे, असे माझ्या एका सहकाऱ्याचे मत. मी म्हणालो, हाकलले तर ती नाक्यावर जाऊन खेळतील. इथे निदान आपल्या नजरेसमोर आहेत.

मुले खेळत होती तो खेळ बीजीएमआय. पूर्वी याच घराण्यातला पबजी मोबाईल होता. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने इतर अनेक ॲपबरोबर त्यावर बंदी घातली. २०२१ च्या जुलैमध्ये तो नवा अवतार घेऊन भारतात आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा अडवला गेला आणि २०२३ मध्ये परतला. शंभरेक खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो टिकेल तो जिंकतो. एकेकट्याने खेळता येते, पण मुलांना गोडी असते ती चौघांच्या संघाची. संघातला एक गडी गोळी लागून खाली पडला, तरी लगेच बाद होत नाही. तो रांगत राहतो आणि सवंगड्याने जवळ येऊन काही सेकंद थांबून त्याला उठवले, तर पुन्हा उभा राहतो. म्हणून कोणीतरी पट्ट्या, औषधे, जादा गोळ्या वाहायच्या, पडलेल्याला उठवायचे, गाडी हाकायची, अशी कामे आपोआप निघतात.

आमच्या वर्गातल्या एका चौकडीत ही कामे एकाच मुलीकडे आली. नववीतली ही मुलगी गणितात हुशार, बोलण्यात तिखट. तिला नेमबाजी येत नव्हती अशातला भाग नाही. तिच्या हातात वडिलांचा जुना मोबाईल होता. चकमक सुरू झाली की तो हँग व्हायचा. चित्र अडकायचे आणि पुन्हा हलायला लागेपर्यंत ही मेलेली असायची. तेव्हा तिघा मुलांनी ठरवून टाकले, "तू फक्त सामान उचल आणि आम्हाला उठव." तिला कोणी विचारले नाही. पंधरा दिवस तिने ते केले. डाव संपला की पडद्यावर कोणी किती जण मारले याचा आकडा ठळक दिसायचा. तिच्या नावापुढे शून्य. मुले त्या शून्यावरून तिला चिडवायची. ज्यांना तिने एका डावात तीन-तीनदा उठवले, तीच चिडवायची.

मग ती खेळायची बंद झाली. त्यात काळजीचे काही नव्हते. पण पुढच्या आठवड्यापासून ती अभ्यासवर्गालाही येईना. तिच्या आईला भेटलो, तेव्हा मुलगी आतूनच म्हणाली, "काका, तिथं मला सगळे हमाल म्हणतात."

हमाल! बंधू-भगिनींनो, हमाली करणाऱ्यांच्या, ओझी वाहणाऱ्यांच्या घरातली आपण माणसे. ज्या मुलांनी हा शब्द शिवीसारखा वापरला त्यांतल्या एकाचे आजोबा गोदीत ओझी उचलून संसार चालवीत होते. शब्द मुलांचा नव्हता, हवेतला होता. मुलांनी तो उचलला एवढेच. म्हणून मला या खेळाकडे नीट पाहावेसे वाटले.

माझा पुतण्या पुण्याला संगणकावरचे खेळ तयार करण्याचे शिक्षण घेतो. पुणे हे आता अशा खेळांचे एक केंद्र झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' नावाचा, शेवटपर्यंत टिकून राहण्याचा भारतीय खेळ बाजारात आला, तो पुण्याच्याच सुपरगेमिंग या कंपनीचा. पुतण्याला मी हा प्रकार सांगितला. तो म्हणाला, "काका, हा प्रश्न जगभरच्या खेळ बनवणाऱ्यांना पडलेला आहे. न लढणाऱ्या गड्याला मजा कशी यावी, यावर आमच्याकडे स्वतंत्र चर्चा होते." मग दोन रविवार त्याने मला जे समजावले, त्याचा सारांश माझ्या भाषेत देतो.

पहिली गोष्ट. मदत करणाऱ्याच्या हाती निर्णय असला पाहिजे. २००७ साली आलेल्या 'टीम फोर्ट्रेस टू' या खेळात नऊ प्रकारचे गडी आहेत. त्यांत एक डॉक्टर आहे. त्याच्याजवळ थोडेफार हत्यारही असते, पण त्याचे मुख्य काम सवंगड्यांना बरे करणे. तो उपचार करीत जातो तसतसे त्याच्याजवळचे एक माप भरत जाते. ते पूर्ण भरले की त्याला आठ सेकंदांची एक शक्ती मिळते. तेवढा वेळ तो आणि त्याचा रोगी या दोघांना काहीही इजा होत नाही. आता ही आठ सेकंदे केव्हा वापरायची आणि कोणाबरोबर वापरायची, हे डॉक्टरने ठरवायचे. लवकर वापरली तर वाया जातात, उशीर झाला तर वापरण्याआधीच मरण येते. संपूर्ण संघाचा हल्ला त्याच्या एका निर्णयावर थांबून राहतो. शिवाय जो खरोखर जखमी आहे त्याच्यावर उपचार केले तर माप लवकर भरते. धडधाकट गड्याच्या मागे नुसते फिरत राहिले तर सावकाश भरते. म्हणजे गरजवंताकडे जाणाऱ्याला खेळच शाबासकी देतो. आमच्या मुलीजवळ मात्र निर्णय कोणताच नव्हता. "इकडे ये," म्हटले की जायचे, "उठव," म्हटले की उठवायचे. हुकूम पाळण्यात खेळ कसला?

दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि ती मला चटकन समजली. कोणत्याही कार्यालयात बारनिशी असते. येणारे-जाणारे प्रत्येक पत्र तिथे नोंदले जाते. बारनिशीचा कारकून दोन दिवस रजेवर गेला की सगळे कार्यालय ठप्प होते. पण वर्षअखेरीच्या कौतुकात त्याचे नाव नसते. का? कारण त्याच्या कामाचा आकडा कोणाच्या अहवालात येत नाही. खेळाचेही तसेच आहे. ज्याची नोंद होते तेच काम, बाकीचे जणू झालेच नाही. जमेच्या बाजूला फक्त 'किती मारले' लिहिणारी खतावणी पाहून मुले जमा-खर्च शिकत असतील, तर दोष मुलांचा किती आणि खतावणीचा किती?

मात्र नुसती नोंद करून भागत नाही, कशाची नोंद करायची हेही पाहावे लागते. २०१६ च्या 'ओव्हरवॉच' या खेळात मर्सी नावाची एक परिचारिकेसारखी व्यक्तिरेखा आहे. सुरुवातीला तिच्याजवळ मोठी शक्ती होती. आजूबाजूला पडलेले सगळे सवंगडी ती एका झटक्यात उठवू शकत असे. त्याचा परिणाम असा झाला, की मर्सी घेऊन खेळणारे हुशार लोक भिंतीआड लपून बसू लागले. सवंगडी जखमी होत असताना बाहेर यायचे नाही. चार-पाच जण मरू द्यायचे आणि मग एकदम सगळ्यांना उठवून वाहवा घ्यायची. वाचवणारी बाई माणसे मरण्याची वाट पाहत बसली! २०१७ मध्ये खेळ बनवणाऱ्यांनी ती शक्ती काढून घेतली आणि एका वेळी एकालाच उठवता येईल असे केले. बक्षीस चुकीच्या जागी ठेवले की चांगल्या कामालाही वाकडे वळण लागते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट निवडीची. याच ओव्हरवॉचमध्ये पुढे एक अडचण आली. सगळ्यांनाच मारामारी करणारा गडी हवा. वाचवायला आणि ढाल धरायला कोणी तयार नाही. २०१९ मध्ये त्यांनी नियम केला, की खेळ सुरू होण्याआधीच प्रत्येकाने आपले काम स्वतः निवडायचे आणि प्रत्येक संघात तिन्ही कामांना ठराविक माणसे असायची. ज्या कामाला माणसे कमी पडत, ते निवडणाऱ्याला काही जादा बक्षीसही ठेवले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की काम वाटले गेले, पण माणूस त्या कामाला बांधला गेला नाही. आज वाचवणारा झालास, उद्या लढणारा हो.

वाचकहो, या ठिकाणी मला बाबासाहेबांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि लाहोरच्या अधिवेशनात न होऊ शकलेल्या त्या भाषणात त्यांनी दाखवून दिले आहे, की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. आणि त्या वाटणीत आवड, कुवत यांना विचारले जात नाही. एका मोबाईलच्या खेळावर एवढा मोठा विचार लादू नये हे मलाही कळते. चौघा मुलांचा डाव म्हणजे जातिव्यवस्था नव्हे. पण ज्याचा मोबाईल जुना त्याने ओझे वाहायचे, त्याला विचारायचे नाही, आणि वर त्या ओझ्याचीच त्याला शिवी द्यायची, ही रीत आपल्या मुलांनी समाजमंदिराच्या ओसरीवर, कोणी न शिकवता, पंधरा दिवसांत उभी केली. ती तेथेच ओळखता आली तर बरे.

पुतण्याने सांगितलेल्या एका हकिकतीने तर मी थक्क झालो. 'फॉक्सहोल' नावाचा कॅनडातील एका कंपनीचा खेळ आहे. शेकडो माणसे दोन बाजूंनी दिवसच्या दिवस एकच युद्ध खेळतात. त्यात आघाडीवर लागणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे बंदूक, गोळी, इंधन, ही कोणा ना कोणा खेळाडूने खाणीतून माल काढून, कारखान्यात बनवून, ट्रकमध्ये भरून पोचवावी लागते. हजारो माणसे एकही गोळी न झाडता केवळ मालवाहतूक आवडीने खेळतात! २०२२ च्या सुरुवातीला या मालवाहू खेळाडूंनी एकजूट केली. माल वाहण्याचे काम विनाकारण किचकट आणि कंटाळवाणे करून ठेवले आहे, ते सुधारा, असे मागण्यांचे जाहीर पत्र त्यांनी काढले आणि संप पुकारला. खेळातला संप! कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला याचे हसूही येते आणि अभिमानही वाटतो. ओझे वाहणारा हात आखडता घेतो तेव्हाच आघाडीवरच्या शूराला त्याची किंमत कळते.

हे सगळे ऐकल्यावर मी पुतण्याला विचारले, "हे परदेशातले झाले. आपल्याकडे असे काही नव्हते का?" तो विचारात पडला. पण उत्तर माझ्याजवळच होते, आणि तुमच्याजवळही आहे. विष-अमृत आठवा. ज्याच्यावर राज्य असेल त्याने 'विष' म्हणून शिवले की जागच्या जागी थिजायचे, आणि सवंगड्याने धावत येऊन 'अमृत' म्हणून शिवले की सुटायचे. मोबाईलमधले 'उठवणे' ते हेच. कबड्डीत आपला गडी गुण घेऊन आला की बाद झालेला गडी जिवंत होतो. आणि लगोरी! सात चपट्या दगडांची उतरंड चेंडूने पाडायची आणि समोरच्या संघाचा चेंडू अंगावर झेलत, चुकवत, ती पुन्हा रचायची. त्यात जिंकतो कोण? चेंडू मारणारा नव्हे. मार चुकवीत दगडावर दगड ठेवणारा. आपल्या अंगणातला हा खेळ रचणाऱ्याला विजयी ठरवतो. यापेक्षा चांगला धडा मला तरी परदेशी खेळात दिसला नाही.

मग मे महिन्याच्या सुटीत आम्ही समाजमंदिराच्या अंगणात एक प्रयोग केला. मुलांना सांगितले, लगोरी आणि विष-अमृत एकत्र करून नवा खेळ तुम्हीच बनवा. अट एकच, प्रत्येक संघात निदान तीन गडी असे हवेत, की ज्यांनी चेंडू मारायचा नाही, आणि तरीही त्यांना खेळात मजा आली पाहिजे. त्या मुलीला मी मुद्दाम निरोप धाडला, "खेळायला येऊ नकोस, नियम लिहायला ये." ती आली. हातात वही घेऊनच आली.

आठ-आठ जणांचे दोन संघ झाले. पाच मारणारे, दोन अमृतवाले आणि एक रचणारा. दगड रचण्याचा अधिकार फक्त रचणाऱ्याला. पहिल्याच दिवशी अडचण आली. समोरचा संघ सगळे सोडून रचणाऱ्यालाच चेंडू मारू लागला आणि तो बाद झाला की खेळच संपला. मोबाईलमध्येही हेच होते, आधी डॉक्टरला टिपतात. तेव्हा मी मुलांना सांगितले, की खऱ्या युद्धातदेखील असे चालत नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून जखमींची सेवा करणाऱ्यांना संरक्षण आहे. डॉक्टरवर, रुग्णवाहिकेवर हल्ला करणे हा गुन्हा आहे. ते ऐकून त्या मुलीने नियम लिहिला, की रचणारा बाद होणार नाही. त्याला चेंडू लागला तर त्याने दहा आकडे मोजेपर्यंत हात वर करून उभे राहायचे. म्हणजे त्याला अडवता येते, पण संपवता येत नाही.

दुसरी अडचण गुणांची. मुलांनी ठरवले होते, की अमृतवाल्याने एकाला सोडवले की एक गुण. दुसऱ्या दिवशी एक पठ्ठ्या आपल्या मित्राजवळ जाऊन मुद्दाम बाद होऊ लागला. मित्र त्याला सोडवी, हा पुन्हा बाद होई. गुणांची रास लागली आणि दगड तसेच पडलेले! लपून बसणाऱ्या मर्सीचाच हा चुलतभाऊ. यावरही तोडगा मुलीनेच काढला. एका डावात एका गड्याला सोडवल्याचा गुण एकदाच, आणि तोसुद्धा शेवटी लगोरी लागली तरच पदरात पडणार. कारकुनाच्या नात्याने सांगतो, बिलांची तपासणी करणाऱ्या भल्याभल्यांना इतका नेमका नियम सुचत नाही.

तिसरा नियम असा, की प्रत्येक डावानंतर कामे बदलायची. आणि मागच्या डावात ज्याने चेंडू मारला नाही, त्याला पुढच्या डावात पहिली निवड. चौथा नियम सगळ्यांत लहान मुलाने सुचवला. जो कायमचा बाद होईल त्याने बसून राहायचे नाही. त्याने चेंडू कुठे आहे ते ओरडून आपल्या रचणाऱ्याला सांगायचे. पुतण्याला फोनवर हे सांगितले तेव्हा तो खूश झाला. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, घरोघरी पोहोचलेल्या 'अमंग अस' या खेळात हेच आहे म्हणाला. तिथे जहाजावरील माणूस मारला गेला तरी त्याचे भूत उरलेली कामे पुरी करीत राहते आणि संघाच्या विजयाला हातभार लावते. आमच्या पोराने तो खेळ पाहिलेला नव्हता. बाहेर बसून राहण्याचा कंटाळा त्याला ठाऊक होता, एवढेच.

चौथ्या दिवशी अंगणात मोठे भांडण झाले. मी धावत गेलो. भांडण कशावरून? "आज मी रचणार!" यावरून. मारणाऱ्यांच्या जागा रिकाम्या आणि रचण्यासाठी पाच जण भांडताहेत! तिघा मुलांपैकी एकजण, ज्याने हमाल हा शब्द काढला होता, तोही त्यात होता. मी भांडण सोडवले, पण मनात म्हटले, हे भांडण व्हायलाच हवे होते.

मोबाईलच्या डावातही थोडा फरक पडला. खेळाचे नियम आपण बदलू शकत नाही, पण संघाची रीत बदलू शकतो. मुलीने अट घातली, की जो औषधे वाहील तोच वाट ठरवील. कुठे उतरायचे, कोणत्या बाजूने सरकायचे, कोणाला आधी उठवायचे, हे तिने सांगायचे. नकाशावर खूण करायला जुना मोबाईल पुरतो. मोठमोठ्या स्पर्धांतल्या संघांतही डाव सांगणारा एक गडी असतो आणि तो सर्वांत जास्त मारणाराच असतो असे नाही. तिथे नुसते मारल्याचे गुण नसतात, शेवटपर्यंत कितव्या क्रमांकावर टिकलात याचेही गुण असतात. त्यामुळे संघाला टिकवणाऱ्याची किंमत राहते. आमची चौकडी आता पहिल्यापेक्षा जास्त वेळ टिकते, असे मुलेच सांगतात. पडद्यावर मुलीच्या नावापुढे आजही बहुधा शून्यच येते. पण डाव संपल्यावर तिच्या वहीत दुसरा तक्ता भरला जातो. कोणी कोणाला किती वेळा उठवले, आणि कोणाच्या सांगण्याने संघ वाचला, याचा.

सगळे गोडच झाले असे मी म्हणणार नाही. नव्या आलेल्या दोन मुलांना हा तक्ता म्हणजे पोरखेळ वाटतो. त्यांना मारण्यातच रस आहे. मुलीचा मोबाईल अजूनही जुनाच आहे आणि नवा घेण्याची तिच्या वडिलांची ऐपत नाही. पण ती सात वाजता अभ्यासवर्गाला येते आणि धाकट्यांना बीजगणित शिकवते. माझ्या दृष्टीने हिशेब तिथे जुळला.

न लढता लढाईत उभे राहणे ही कमीपणाची गोष्ट नव्हे, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांची सेवा केली आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच मरण पावले. त्या युद्धात कोणी किती शत्रू मारले हे आज कोणाला आठवत नाही. माणसे उठवणाऱ्या या सोलापूरकराचे नाव मात्र दोन देशांनी जपले आहे. खेळ बनवणाऱ्यांनाही हे कळू लागले आहे. जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने 'फोर्टनाइट' या प्रसिद्ध लढाईच्या खेळात एक वेगळा प्रकार आणला. त्यात जखमी नागरिकांवर उपचार करायचे, पेरलेले सुरुंग काढायचे, पडलेल्या इमारती उभ्या करायच्या आणि मदत पोचवायची. जो जीव वाचवण्यात पुढे, तो जिंकला. बंदुकीच्या खेळातही असे अंगण काढता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता पालकांना चार शब्द. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. मुलांच्या मोबाईलमध्ये तसले काही असेल तर तिथे अजिबात दया दाखवू नका. बीजीएमआय २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. आमच्या वस्तीत आम्ही ती अर्ध्या तासावर आणली आहे आणि अभ्यासाच्या आधी खेळ नाही, हा नियम कडक आहे. तो तुम्हीही पाळावा.

पण एवढ्यावर थांबू नका. आज रात्री मुलाला "किती वेळ खेळलास?" हे तर विचाराच, पण त्यापुढे आणखी तीन प्रश्न विचारा. तुमच्या संघात सामान कोण वाहते? ते काम त्याने स्वतः निवडले का? आणि डाव जिंकल्यावर तुम्ही त्याचे नाव घेता का? उत्तर देताना मुलगा गडबडला, तर रागावू नका. खाली अंगणात जा आणि सात दगड गोळा करा.